चेस्टनटची काढणी : कमी जोखमीच्या, कमी कष्टाच्या पद्धती

चेस्टनटच्या काढणीतले धोके आणि कष्ट बव्हंशी फळाच्या रचनेतूनच येतात. गोड, पिठूळ गराच्या एक ते तीन बिया सुयांसारख्या दाट काट्यांनी झाकलेल्या बोंडात बंद असतात. बोंड पिकले की दोन ते चार पाळ्यांनी उकलते आणि बिया खाली गळतात. काही वाणांत बोंड अर्धवट उकलून बियांसकट खाली येते. म्हणजे हे पीक झाडावरून उतरवावे लागत नाही. नारळ-सुपारीसाठी चढावे लागते. चेस्टनट पक्व झाल्यावर आपणहून पायाशी येतो. तरीही अनेक देशांत शेतकरी झाडावर चढतात, फांद्या झोडपतात, आणि पडून किंवा डोळ्यात काटा जाऊन जायबंदी होतात. फळ खाली पडेपर्यंत थांबायचे, आणि पडलेले फळ लवकर व न वाकता कसे उचलायचे हे पाहायचे, या दोन सूत्रांभोवती काढणीच्या सुधारित पद्धती उभ्या आहेत.

झाड, फळ आणि हंगाम

चेस्टनट हे ओक आणि बीच यांच्या कुळातले झाड. खाद्य बियांसाठी चार जाती प्रसिद्ध आहेत : युरोप आणि तुर्कस्तानातील कॅस्टॅनिया सटायव्हा, चीनमधील कॅस्टॅनिया मोलिस्सिमा, जपान-कोरियातील कॅस्टॅनिया क्रेनॅटा आणि उत्तर अमेरिकेतील कॅस्टॅनिया डेंटॅटा. यांपैकी अमेरिकन जातीची जंगले १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम लक्षात आलेल्या सालीच्या बुरशीजन्य रोगाने पुढच्या काही दशकांत उजाड झाली. त्यामुळे तिथल्या आजच्या बागा मुख्यतः चिनी जातीच्या आणि संकरित वाणांच्या आहेत. जगातील निम्म्याहून कितीतरी अधिक उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. इटलीतील कॅम्पानिया आणि पिडमाँट, फ्रान्समधील आर्देश, पोर्तुगालमधील त्राझ-उझ-मोंतिश, स्पेनमधील गॅलिसिया, तुर्कस्तानातील आयदिन, जपानमधील इबाराकी आणि कोरियातील चुंगचोंग हे इतर नावाजलेले भाग.

युरोपीय जातीचे जुने झाड २५ ते ३० मीटर उंच वाढते. अशी झाडे बहुधा डोंगरउतारावर किंवा दगडी बांधांच्या पायऱ्यांवर असतात आणि अनेक ठिकाणी त्यांचे वय शेकडो वर्षांचे असते. चिनी आणि जपानी जाती तुलनेने ठेंगण्या. उत्तर गोलार्धात फळगळ सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मार्च ते मेमध्ये होते. एका झाडाची सगळी फळे एकदम पडत नाहीत. गळ दोन-तीन आठवडे टिकते आणि बागेत अनेक वाण असले तर त्याहूनही लांबते.

काढणीचा वेग ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे बीमधील पाणी. अक्रोडात निम्म्याहून अधिक वजन तेलाचे असते आणि तो वाळवून महिनोन्महिने ठेवता येतो. ताज्या चेस्टनटमध्ये मात्र सुमारे ५० टक्के पाणी असते, बाकीचा मोठा भाग पिष्टमय असतो आणि तेल दोन टक्क्यांच्या आसपास. सुकामेवा म्हणून ओळखली जाणारी ही बी टिकाऊपणात फळभाजीला अधिक जवळची. ओल्या जमिनीवर पडून राहिली तर तिला बुरशी लागते, उन्हात राहिली तर ती आकसते, आणि रानडुक्कर, हरिण, उंदीर, खार यांचा वाटा रोज वाढत जातो. म्हणून फळ पडेपर्यंत घाई करायची नाही, आणि पडल्यावर मात्र एक-दोन दिवसांत ते उचलायचे, असा या पिकाचा दुहेरी नियम आहे.

धोके कोणते

सर्वांत गंभीर धोका उंचीवरून पडण्याचा. तुर्कस्तानात आणि युरोपच्या काही डोंगराळ भागांत झाडावर चढून लांब काठीने बोंडे पाडण्याची जुनी रीत आहे. काठी चालवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, फांदी ओलसर असते आणि जुन्या झाडांत वरून धडधाकट दिसणारी फांदी आतून पोकळ निघू शकते. अशा वेळी तोल गेला तर सावरायला काही उरत नाही. साध्या शिडीचीही तीच गत. उतारावर आणि पाल्यावर टेकवलेली शिडी सहज सरकते.

दुसरा धोका डोळ्यांचा. वरून पडणारे बोंड वर पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर आदळले तर काटे कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, घुसतात आणि मोडून आतच राहतात. इटली, तुर्कस्तान, चीन, जपान आणि कोरियातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे. काटा वनस्पतिजन्य असल्याने त्याबरोबर बुरशीचे बीजाणू आत जाऊ शकतात. त्यातून होणारा संसर्ग चिवट असतो आणि दृष्टी कायमची मंदावू शकते. काटा गेलेला डोळा चोळणे किंवा चिमट्याने घरीच काटा ओढणे घातक ठरते. डोळ्यावर दाब न येईल असे झाकण ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जाणे हाच योग्य उपाय.

तिसरा त्रास हाताचा आणि कातडीचा. बोंडाचे वाळलेले काटे ठिसूळ असतात. ते बोटात मोडून राहतात आणि जखम पिकते. विणलेल्या सुती हातमोज्यांतून ते आरपार जातात.

चौथा त्रास संथ आहे, पण सर्वांत जास्त लोकांना होणारा : कंबर आणि गुडघे. एका बीचे वजन साधारणपणे १० ते २० ग्रॅम धरले, तर १०० किलो माल म्हणजे पाच ते दहा हजार बिया. हाताने वेचणाऱ्याला त्यातल्या जवळजवळ प्रत्येक बीसाठी वाकावे किंवा उकिडवे बसून सरकावे लागते. इटली, फ्रान्स, जपान आणि कोरियातील चेस्टनट-शेतकऱ्यांचे सरासरी वय बरेच वाढले आहे आणि तरुण डोंगर सोडून शहरांकडे गेले आहेत. बागा पडीक पडण्यामागे जी कारणे आहेत त्यांत वेचणीचे हे कष्ट मोडतात.

यांखेरीज परिसराचे धोके असतात. ओल्या पाल्यावरून पाय घसरणे सर्वत्र आहे. जपान आणि कोरियात काढणीचा काळ राक्षसी गांधीलमाशीच्या आक्रमकतेचाही काळ असतो. तिचे पोळे बहुधा जमिनीत असते आणि गवतातून चालणाऱ्याच्या पावलांनी ते डिवचले जाते. जपानच्या उत्तर भागात गळलेल्या चेस्टनटवर अस्वले येतात, म्हणून पहाटे एकट्याने बागेत न जाण्याचा आणि आवाज करत जाण्याचा सल्ला दिला जातो.

झोडणी आणि तिचे तोटे

झोडणीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे व्यवहाराचे असते. दोन-तीन आठवडे रोज बागेत येण्याऐवजी दोन-तीन दिवसांत काम उरकते, मजूर एकदाच लागतात, प्राण्यांना आणि चोरांना वाव राहत नाही. चीनमधील फळबागशास्त्रात काढणीचे सरळ दोन प्रकार केले जातात : पडलेल्या बिया वेचण्याचा आणि काठीने बोंडे पाडण्याचा. दुसरा प्रकार लवकर उरकणारा असला, तरी पहिल्या प्रकाराने मिळणारी बी भरलेली, चकचकीत आणि अधिक टिकाऊ असते, हे तिथले तज्ज्ञही सांगतात.

याचे कारण पक्वतेत आहे. शेवटच्या दिवसांत बीमध्ये पिष्ट झपाट्याने भरते आणि सालीचा रंग पांढुरक्यावरून गडद तपकिरी होतो. बोंड हिरवे आणि बंद असताना पाडले तर वजन, चव आणि टिकाऊपणा या तिन्हींत घट येते. शिवाय बंद बोंडे उकलावी लागतात. त्यासाठी ती ढिगाने रचून, ओली राखून, काही दिवस पालापाचोळ्याखाली ठेवण्याची पद्धत चीनमध्ये, तुर्कस्तानात आणि इटलीच्या डोंगरांत पूर्वापार आहे. ढीग फार उंच झाला आणि उलथापालथ झाली नाही, तर आत उष्णता साठते आणि बिया खराब होतात. ढिगातून बी काढताना पुन्हा काट्यांशी गाठ पडतेच.

झाडाचेही नुकसान होते. चेस्टनटची फुले आणि फळे चालू वर्षीच्या नव्या फुटीवर येतात आणि ती फूट गेल्या हंगामातील डहाळीच्या टोकाकडच्या डोळ्यांतून निघते. काठीचा मार नेमका त्या टोकांवर बसतो, म्हणजे या वर्षी झोडपताना पुढच्या वर्षीचा बहर मोडला जातो. सालीला पडलेल्या जखमांतून वर सांगितलेल्या सालीच्या रोगाची बुरशी शिरते. अमेरिकेत लक्षात आलेली ही बुरशी युरोपात १९३८ मध्ये जेनोवाजवळ आढळली आणि पुढे बहुतेक चेस्टनट-प्रदेशांत पसरली. अशा प्रदेशात झाडाला जखमा करणारी काढणी म्हणजे रोगाला दिलेले आमंत्रण.

काही कारणाने बोंडे पाडावीच लागली, तर ती जमिनीवर उभे राहून, वजनाने हलक्या आणि लांब होणाऱ्या खांबाच्या टोकाला आकडा लावून, फांदी हलकेच हलवून पाडावीत. बहुतेक बोंडे उकलू लागल्यावरच हे करावे. त्या वेळी खाली दुसरे कोणी नसावे, आणि पाडणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट व डोळ्यांवर सर्व बाजूंनी बंद असणारा चष्मा असावा.

जमिनीची तयारी

पुढच्या सगळ्या पद्धती, चिमट्यापासून स्वयंचलित यंत्रापर्यंत, एकाच अटीवर चालतात : झाडाखालची जमीन स्वच्छ हवी. उंच गवतात पडलेली बी दिसत नाही, दाताळ्याने ओढता येत नाही आणि यंत्राच्या नळीत गवतच अडकते. म्हणून फळगळ सुरू होण्याआधी गवत जमिनीलगत कापणे, सुटे दगड आणि मोडक्या फांद्या उचलणे, खड्डे व उंदरांची बिळे बुजवणे ही कामे उरकली पाहिजेत. कापलेले गवतही झाडाखालून हलवावे लागते. जमीन नांगरून उघडी करणे मात्र चुकीचे : पावसात चिखल होतो, बी त्यात रुतते आणि उतारावरची माती वाहून जाते. कायमचे आखूड गवत हे सर्वांत चांगले अंथरूण.

पहिली गळ बहुधा किडक्या आणि पोचट बोंडांची असते. ती हंगामाआधीच गोळा करून बागेबाहेर नष्ट केली तर दोन फायदे होतात. मुख्य गळीच्या वेळी वेचणाऱ्याला चांगले-वाईट निवडत बसावे लागत नाही. शिवाय युरोपातील सोंडकिड्याच्या अळ्या पडलेल्या बीतून बाहेर पडून मातीत शिरतात आणि तिथेच कोष करतात. ही साखळी मोडली की पुढील वर्षी कीड कमी होते. हंगाम संपल्यावर मेंढ्या किंवा डुकरे बागेत सोडून उरलेल्या बिया खाऊ घालण्याची युरोपीय रीत याच कामी येते. काढणीच्या आधीचे काही आठवडे मात्र जनावरे बागेबाहेर ठेवली जातात, कारण बी जमिनीवरून उचलायची असते आणि शेणाचा संपर्क टाळायचा असतो.

डोंगरउतारावर आणखी एक तयारी उपयोगी पडते. उताराला आडव्या, दोन हात रुंद पायवाटा कापल्या तर उभे राहायला सपाट जागा मिळते, आणि गडगडत आलेल्या बिया वाटेच्या आतल्या कडेला जमतात. अशा बागेत दोन माणसांनी एकमेकांच्या बरोबर वर-खाली काम करू नये, हा साधा नियम घसरणारे दगड आणि माणसे या दोन्हींपासून वाचवतो.

हाताने वेचणी

जगातील बहुतेक चेस्टनट अजून हातानेच वेचले जातात. ही पद्धत स्वस्त आहे, कोणत्याही उतारावर चालते आणि बीला इजा करत नाही. तिच्यातला धोका आणि शीण कमी करणे हे मुख्यतः साध्या साधनांचे काम आहे.

अंगावर जाड चामड्याचे किंवा तळव्याला जाड रबर चढवलेले हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, जाड तळव्याचे उंच बूट, रुंद काठाची टणक टोपी किंवा हेल्मेट, आणि कडांनी बंद असणारा प्लास्टिकचा चष्मा एवढा पोशाख पुरेसा आहे. नजरेसाठीचा नेहमीचा चष्मा बाजूने उघडा असतो, त्यावर विसंबून चालत नाही. बोंडे गळत असताना झाडाखाली उभे राहून वर पाहू नये. जोराचा वारा असेल त्या दिवशी वेचणी पुढे ढकलणे बरे. वारा थांबल्यावर खाली पडलेला माल अधिक असतोच.

अर्धवट उकललेले बोंड हाताने फोडण्याची गरज नसते. जपानमध्ये रूढ असलेली रीत अशी : बोंडाच्या दोन बाजूंना दोन बुटांच्या कडा टेकवायच्या, बाहेरच्या दिशेने दाबून बोंड फाकवायचे आणि आतली बी चिमट्याने उचलायची. इबाराकीतील कासामा परिसरात पर्यटकांना बागेत वेचणीसाठी नेतात, तेव्हा चिमटा आणि हातमोजे देऊन हेच शिकवले जाते. उकलायला नकार देणारे बोंड बाजूला टाकावे. ते बहुधा पोचट किंवा अपक्व असते.

कंबर वाचवण्यासाठी लांब दांड्याची साधने आहेत. दाताळ्याने पाला, बोंडे आणि बिया एका पट्ट्यात ओढून आणल्या की वेचणाऱ्याला बागभर वाकत फिरावे लागत नाही. एका ठिकाणी कमी उंचीच्या तिवईवर बसून निवड करता येते. हँडलच्या दाबाने मिटणारा लांब चिमटा उभ्याने एकेक बी उचलतो. अमेरिकेत पिकान आणि अक्रोड गोळा करण्यासाठी वापरला जाणारा तारांचा फिरता पिंजरा लहान चेस्टनट-बागांतही दिसतो. लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला हा लवचीक तारांचा अंडाकृती पिंजरा जमिनीवरून लाटण्यासारखा फिरवला की तारा फाकून बी आत जाते आणि परत बाहेर पडत नाही. भरलेला पिंजरा बादलीच्या कडेवरील आडव्या तारेवर दाबला की रिकामा होतो. बीच्या आकाराप्रमाणे तारांतील अंतर वेगवेगळे मिळते. मोकळी पडलेली बी आणि आखूड गवत असेल तर हे साधन उत्तम चालते; बोंडांचा खच असेल तिथे आधी दाताळे फिरवावे लागते.

वाहतुकीतला भारही मोजावा लागतो. मोठे पोते भरून उतारावरून खांद्यावर नेण्यापेक्षा आठ-दहा किलोच्या बादल्या किंवा क्रेट, आणि त्यांना वाटेपर्यंत आणणारी हातगाडी, घसरगुंडी किंवा लहान सरकती दोरीवाट यांनी अपघात कमी होतात. ओले पोते बंद करून ठेवले तर माल तापतो, हे वेगळेच.

जाळी

जमिनीवर किंवा जमिनीपासून थोडी उंच जाळी पसरून फळ झेलण्याची पद्धत फ्रान्स, इटली आणि पोर्तुगालमध्ये रुळली आहे. बारीक विणीची प्लास्टिकची जाळी गळ सुरू होण्याआधी झाडाखाली अंथरली जाते. सपाट जागी ती दोन ओळींच्या मधून गुंडाळत आणतात. उतारावर तिची खालची कड जराशी उचलून बांधतात, म्हणजे बोंडे आणि बिया गडगडत एका रेषेत जमतात. दर दोन-चार दिवसांनी जाळीवरचा माल एका टोकाला ओढून घेतला जातो आणि तिथे बोंडे, पाला व बिया वेगळ्या करणाऱ्या यंत्रात टाकला जातो.

जाळीचे फायदे उघड आहेत. वाकणे जवळजवळ संपते. बी मातीला लागत नाही, त्यामुळे ती स्वच्छ राहते आणि बुरशीचा एक मोठा मार्ग बंद होतो. खडकाळ किंवा फार उतरत्या जागी, जिथे कोणतेही वाहन जात नाही, तिथेही ती चालते. तोटेही आहेत : सुरुवातीचा खर्च, अंथरण्या-गुंडाळण्याची मजुरी, पाल्याने येणारा भार आणि रानडुकरांनी फाडणे. जाळीवर माल आठवडाभर साचू दिला तर पाल्याखाली तो तापतो आणि जाळी वापरण्याचा हेतूच बुडतो. ओल्या जाळीवरून चालणे घसरडे असते, म्हणून ती कडेने उभे राहून ओढावी, वर चढून नव्हे.

यंत्रे

सपाट किंवा सौम्य उताराच्या बागांत हवेने ओढणारी यंत्रे सर्वांत अधिक वापरली जातात. त्यांचा विकास मुख्यतः इटलीत झाला, कारण तिथे हेझलनट आणि चेस्टनट ही दोन्ही जमिनीवरून उचलायची पिके शेजारी शेजारी आहेत. लात्सिओ प्रांतातील व्हितेर्बोजवळची फाक्मा आणि पिडमाँटमधील मोंक्येरो या कंपन्यांची यंत्रे युरोपाबाहेरही गेली आहेत. अमेरिकेतील मिशिगनसारख्या नव्या चेस्टनट-प्रदेशांत अशी इटालियन यंत्रे वापरात आहेत.

या यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला पाठीवर बांधायचा किंवा लहान गाड्यावरचा शोषक. याला लवचीक नळी असते. एक माणूस ती घराचा केर काढावा तशी फिरवतो. दुसरा ट्रॅक्टरमागे जोडायचा. यात एक किंवा दोन लांब नळ्या असतात, ट्रॅक्टर वाटेवर उभा राहतो आणि माणसे नळी घेऊन उतारावर जातात. त्यामुळे यंत्राला उतारावर चढावे लागत नाही. तिसरा स्वयंचलित. पुढचे फिरते ब्रश दोन्ही बाजूंचा माल मध्ये ढकलतात आणि तिथून तो आत ओढला जातो. हा प्रकार सर्वांत वेगवान, पण त्याला गुळगुळीत, रुंद ओळींची बाग लागते.

आत गेल्यावर काम जवळपास सारखेच होते. हवेचा वेग कमी केलेल्या कक्षात जड बिया आणि दगड खाली बसतात, हलका पाला पंख्याबरोबर बाहेर फेकला जातो. दात असलेला फिरता ढोल बोंडे फोडतो आणि जाळीदार चाळणी माती व बारीक दगड गाळते. अगदी बीच्याच आकाराचे दगड उरतात. ते शेवटी हाताने किंवा पाण्यात वेगळे करावे लागतात. म्हणून हंगामापूर्वी दगड वेचण्याचे काम यंत्राच्या बागेत अधिकच महत्त्वाचे.

यंत्राने कष्ट कमी होतात, मात्र धोक्यांचे रूप बदलते. कोरड्या दिवशी धुळीचा लोट उठतो. त्यात मातीबरोबर बुरशीचे बीजाणू आणि मोडलेल्या काट्यांचे तुकडे असतात. चालकाला धूळरोधक मुखपट्टी, बंद चष्मा आणि कानांवर आवाजरोधक लागतात, आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेच्या दिशेला कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा फिरता दांडा आच्छादनाशिवाय चालवणे म्हणजे जीवघेण्या अपघाताला आमंत्रण. तुंबलेली नळी किंवा ढोल मोकळा करण्यापूर्वी इंजिन बंद करून फिरते भाग पूर्ण थांबू द्यावेत. आडव्या उतारावर उंच यंत्र उलटते, म्हणून उतार वाढला की नळीचे यंत्र वाटेवर उभे करून वापरणे श्रेयस्कर.

खोड हलवणारी यंत्रे ऑलिव्ह आणि बदामात यशस्वी असली तरी चेस्टनटमध्ये मर्यादितच राहिली आहेत. एकाच झाडावर पक्व आणि अपक्व बोंडे एकत्र असतात, जुन्या झाडांचे बुंधे यंत्राच्या पकडीत मावत नाहीत आणि साल दुखावल्यास रोगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कॅमेऱ्याने जमिनीवरची बी ओळखून उचलणाऱ्या लहान यंत्रांवर अमेरिकेत संशोधन चालू आहे. पाला, बोंडे आणि बिया यांचा रंग जवळजवळ सारखा असणे ही त्यातली मोठी अडचण.

बागेची रचना आणि वाण

काढणी सोपी करण्याचा सर्वांत दूरगामी मार्ग लागवडीपासून सुरू होतो. जपानमधील गिफू प्रांतात, नाकात्सुगावा-एना या चेस्टनटच्या मिठाईसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात, दरवर्षी छाटणी करून झाडे मुद्दाम बुटकी ठेवण्याची पद्धत विकसित झाली. बुटक्या झाडाची छाटणी जमिनीवरून होते, वयस्क शेतकऱ्याला शिडी लागत नाही आणि कमी उंचीवरून पडणाऱ्या बोंडाचा मारही कमी बसतो.

वाण निवडताना बोंड झाडावरच उकलून बी मोकळी पडणे, गळ थोड्या दिवसांत आटपणे आणि बी मोठी असणे हे तीन गुण काढणीच्या दृष्टीने पाहिले जातात. फ्रान्समधील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने युरोपीय आणि जपानी जातींच्या संकरातून काढलेले बूश द बेतिझाक आणि मारिगूल हे वाण मोठ्या बीसाठी पसरले आहेत. त्यांची फळे पारंपरिक वाणांच्या आधी येतात. वाण ओळीओळीने वेगळे लावले तर यंत्र किंवा वेचणारी माणसे एका वेळी एकाच भागात काम करतात आणि रोज संपूर्ण बाग पालथी घालावी लागत नाही. परागीभवनासाठी दोन वाण जवळ लागतातच, तेवढी सोय मात्र राखावी लागते.

वेचल्यानंतरची पहिली कामे

वेचलेला माल त्याच दिवशी सावलीत आणून पाण्यात टाकला की पोचट व किडक्या बिया बहुतांशी तरंगतात. ही चाळणी अचूक नसते, कारण थोडी सुकलेली चांगली बीही तरंगते. तरी एकेक बी हाताळण्याचे श्रम ती वाचवते. अळ्या मारण्यासाठी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ४५ मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात बुडवण्याची प्रक्रिया युरोपात सर्रास केली जाते. इटलीतील जुनी रीत म्हणजे बिया कित्येक दिवस थंड पाण्यात भिजत ठेवणे. त्यात हलके आंबवण होऊन बुरशी रोखली जाते. यानंतर बिया कोरड्या करून शून्य अंशाच्या आसपास शीतगृहात ठेवतात. इटलीतील टस्कनी आणि फ्रान्समधील सेवेन भागात धुरावर बिया वाळवण्यासाठी बांधलेली दगडी घरे बी टिकवण्याच्या याच प्रश्नाचे जुने उत्तर होते.

निवड कशी करावी

पद्धत निवडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : उतार, मालाचे प्रमाण आणि उपलब्ध माणसे. घराजवळच्या दहा-वीस झाडांसाठी आखूड गवत, दाताळे, लांब चिमटा किंवा तारांचा पिंजरा आणि योग्य पोशाख एवढ्यात काम भागते; यंत्र घेऊन काही वाचत नाही. तीव्र उतारावरच्या किंवा पायऱ्यांच्या जुन्या बागेला जाळी किंवा वाटेवर उभे राहणारे लांब नळीचे यंत्र योग्य. ओळीत लावलेल्या, सपाट मोठ्या बागेत स्वयंचलित यंत्राचा खर्च निघू शकतो, आणि शेजारच्या अनेक लहान शेतकऱ्यांनी मिळून एक यंत्र घेतले तर मध्यम बागांनाही ते परवडते. झाडावर चढणे यांपैकी कोणत्याही पर्यायात येत नाही.

भारतात चेस्टनटची झाडे हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीरच्या थंड उंचीवर तुरळक आहेत. त्यांना हिवाळ्याची थंडी लागत असल्याने महाराष्ट्रात हे पीक येत नाही. हिमालयातील बहुतेक झाडे घरालगत किंवा उतारावर विखुरलेली असल्याने तिथे जमिनीची तयारी, बंद चष्मा, चामडी हातमोजे आणि लांब दांड्याची साधने या कमी खर्चाच्या सुधारणाच अधिक उपयोगाच्या आहेत. वेचताना एक सावधगिरी आणखी लागते. त्याच डोंगरांत इंडियन हॉर्स चेस्टनट नावाचे वेगळ्या कुळातले झाड सर्रास आढळते. त्याची तपकिरी, चकचकीत बी दिसायला चेस्टनटसारखी असली तरी कच्ची किंवा नुसती भाजून खाण्याजोगी नसते. दोन्ही ओळखणे सोपे आहे : खाद्य चेस्टनटचे बोंड दाट सुयांनी झाकलेले असते आणि बीला टोकाशी केसाळ शेंडी असते, हिमालयी हॉर्स चेस्टनटच्या फळाला काटे नसतात आणि बी गोलसर, शेंडीविना असते. युरोपातील हॉर्स चेस्टनटच्या फळावर मोजके, आखूड काटे असतात, त्यामुळे तिथे बीच्या शेंडीवरून ओळख पक्की करावी लागते.